स्कॅनर आणण्याआधी वहीचा समास वाचा

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या औषधबाजारात मी 19 वर्षं होलसेलची गोदामं सांभाळतेय. या काळात दोनदा सगळं काम वहीवरून स्कॅनरवर नेलं. पहिल्यांदा, जुन्या नोकरीत, सपशेल फसलं. दुसऱ्यांदा जमलं. तुमच्याकडे असा बदल यायचा असेल तर माझा अनुभव कामी येईल.

पहिल्या वेळी आम्ही एका सोमवारी मशीन टेबलावर ठेवली आणि वह्या कपाटात घालून कुलूप लावलं. तिसऱ्या आठवड्यापासून पेट्या परत यायला लागल्या. पोरं मुद्दाम करतात असं शेठना वाटलं, मलाही वाटलं. मी सगळ्यांसमोर ओरडले. दोन चांगले पॅकर सोडून गेले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

ते गेल्यावर मी कपाट उघडून वही नीट वाचली. समासात लाल पेनाच्या खुणा होत्या. गोल म्हणजे या केमिस्टला सहा महिन्यांच्या आतली एक्स्पायरी चालत नाही. फुली म्हणजे हा चारनंतरच माल उतरवून घेतो. दोन रेघा म्हणजे याने मागे परत केलेल्या मालाचे पैसे अजून बिलात वळते व्हायचेत. आमच्या चेकर मामांनी वर्षानुवर्षं बसवलेली ही पद्धत, आणि नव्या प्रोग्रॅममध्ये तिला जागाच नव्हती. पोरांची चूक नव्हती. आम्ही त्यांच्या हातातलं ज्ञानच कुलूपबंद केलं होतं.

म्हणून पहिलं काम हे करा: मशीनची ऑर्डर देण्याआधी आठवडाभर कामाच्या टेबलावर बसा. केबिनमध्ये मीटिंग घेऊन हे कळत नाही. दुसऱ्या नोकरीत मी पॅकिंगला बसले, चलनं म्हणजे मालासोबत जाणारे कागद लावले, पेट्यांना टेप मारली. चेकर काका फॉइलवर दाबून उमटवलेला बॅच नंबर वाचायला प्रत्येक स्ट्रिप ट्यूबलाइटखाली तिरकी धरायचे, अंगठ्याने चाचपायचे, मग पोराला आकडे सांगायचे. दुपारपर्यंत त्यांचे डोळे लाल. बदल कशासाठी, हे मी तिथूनच सांगायला घेतलं. 1 ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झालाय, त्यात बॅच आणि एक्स्पायरी दोन्ही असतात. एक खोकं त्यांच्या हातात देऊन म्हटलं, “काका, एवढ्यांसाठी तरी डोळे फोडू नका.” आणि प्रोग्रॅमवाल्याकडून अशा खुणांसाठी शेऱ्याचा रकाना आधी बनवून घेतला, मगच पैसे दिले.

नोकरीचा प्रश्न टाळू नका. माझे वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, त्यानंतर ते साच्यावर परत गेलेच नाहीत. लालबाग-परळच्या कितीतरी घरांत ‘बदल’ म्हटलं की ‘कपात’च ऐकू येतं. त्यामुळे मी शेठकडून लिहून घेतलं: कुणालाही काढणार नाही, आणि पहिले तीन महिने स्कॅनरचे आकडे पगाराशी किंवा बोनसशी जोडणार नाही. सही-शिक्क्यासह कागद बोर्डावर लावला. सही मिळायला दोन आठवडे लागले, तोवर मी मशीन उघडली नाही. मालक लिहून देत नसतील तर तुम्ही आपल्या तोंडाने शब्द देऊ नका, तो तुमच्याच अंगाशी येतो.

कामाच्या वेळांना हात लावताना तर फारच जपा. आमच्याकडे सुटी पंधरा मिनिटं उशिरा करायचं घाटत होतं. मरीन लाइन्सहून उलटं चर्चगेटला जाऊन तिथून विरार लोकल पकडणाऱ्या बाईची ती पंधरा मिनिटं म्हणजे बसायची जागा आणि पाळणाघराची वेळ. मी तो विचार सोडायला लावला. वेळा किंवा पाळ्या बदलायच्याच असतील तर कामगारांना 21 दिवस आधी नोटीस देण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि ते दिवस ऐकून घेण्यासाठी वापरा.

सुरुवात संक्रांतीनंतर करा. पावसाळ्यात तापाच्या औषधांची झुंबड, गणपतीत निम्मी माणसं गावी, मार्चमध्ये स्टॉक मोजणी. तेही एकाच रॅकपासून. बाकी वही चालू ठेवा. शिकवायला बाहेरचा ट्रेनर नको, दोन दिवसांत ज्याला जमलं त्या पोरालाच बसवा आणि त्या वेळेत त्याची पॅकिंग दुसऱ्याकडे द्या, नाहीतर शिकवणं त्याला शिक्षा वाटते.

दर शुक्रवारी चहानंतर दहा मिनिटं आम्ही उभ्याउभ्या बोलतो: या आठवड्यात काय अडलं, काय चुकलं. पहिल्या शुक्रवारी सगळे गप्प. मग मीच सांगितलं, “मंगळवारी इन्सुलिनची पेटी माझ्या टेबलावर चाळीस मिनिटं राहिली. ती 2 ते 8 डिग्रीत हवी होती. मी ती विक्रीतून बाजूला काढली.” थोडा वेळ कुणी बोललं नाही. नंतर मागून सगळ्यांत नवा हेल्पर म्हणाला, “ताई, मी दोन दिवस एकच खोकं दोनदा स्कॅन करतोय बहुतेक.”

कुणी हसलं नाही. संध्याकाळी तो, काका आणि मी दोन दिवसांची सगळी चलनं घेऊन बसलो. सात ठिकाणी फरक निघाला. काकांनी प्रत्येक चलनाच्या कडेला लाल पेनाने खूण केली, आणि पोराने ती शेऱ्याच्या रकान्यात उतरवली.