कोरोनानंतर दम लागतोय? या चुका टाळा

२०२१च्या मे महिन्यात काका ऑक्सिजनवरून सुटून घरी आले. सोबत तीन चेंडूंचा स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं यंत्र. चार दिवस ते गाल फुगवफुगवून त्यात फुंकत होते. चेंडू काही जागचे हलेनात. "यंत्रच बोगस आहे," असा निकाल देऊन त्यांनी ते कपाटावर टाकलं. यंत्र धड होतं. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं!

ताठ बसा, आधी श्वास सगळा सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि सावकाश आत ओढा. मग दोन-तीन सेकंद श्वास धरा, नळी काढा, सोडा. तिन्ही चेंडू एका हिसक्यात वर आपटवायची हौस बऱ्याच जणांना असते. ती आवरा. हळू ओढून एकच चेंडू जास्त वेळ तरंगत ठेवला तर हवा पार तळापर्यंत पोचते. पाच-सहा वेळा झालं की विसावा घ्या, नाहीतर गरगरतं.

दुसरी चूक सोफ्यावर बसून होते. ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन ९७ टक्के दाखवतो, घरचे म्हणतात 'सगळं ठीक', आणि माणूस मात्र अंघोळ करून आला तरी धापा टाकतो. दुखावलेलं फुप्फुस बसल्या जागी वेळ मारून नेतं, चालायला लागलं की उघडं पडतं. म्हणूनच डॉक्टर सहा मिनिटं चालवून आकडा बघतात. घरी चालून बघताना कुणाला तरी सोबत ठेवा. आकडा तीन-चारने घसरला तर डॉक्टरांना कळवा. त्याआधी बोटावरची नेलपॉलिश काढा, हात गार असतील तर चोळून घ्या.

'पीएफटी (फुप्फुसांची तपासणी) नॉर्मल आली, मग दम कसला? मनाचे खेळ!' हे वाक्य मला सगळ्यात खटकतं. त्यातल्या साध्या स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून करायच्या तपासणीत, भात्यात हवा किती मावते नि किती जोरात सुटते, एवढंच कळतं. ती हवा रक्तात कितपत उतरते हे बघायला डीएलसीओ ही वेगळी तपासणी लागते, आणि कोरोनानंतर बहुधा तिथेच पाणी मुरतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने कोरोनातून उठलेल्या २०७ जणांना तपासलं, त्यांतल्या ४४ टक्क्यांचा डीएलसीओ कमी भरला.

छातीच्या सीटी स्कॅनचा 'स्कोअर', म्हणजे फुप्फुस किती बाधित आहे त्याचा आकडा, तेव्हा दहावीच्या टक्क्यांसारखा विचारला जायचा. पण दर महिन्याला सीटी काढत बसू नका. साधारण तीन महिन्यांनी, तेही डॉक्टरांना गरज वाटली तर. जुन्या चिठ्ठीवर स्टेरॉइड आणून घेणं तर नकोच. साखर किती चढते आणि त्यातून म्युकर हा बुरशीचा आजार कसा गाठतो, हे महाराष्ट्राने त्याच उन्हाळ्यात पाहिलंय.

आणि दम कमी होत आलेला असताना एकाएकी वाढला, छातीत कळ आली किंवा एकाच पायाची पोटरी सुजली, तर स्पायरोमीटर बाजूला ठेवा. ती रक्ताची गुठळी असू शकते. सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.