इनॅमलवर लेझर वापरताय? या चुका टाळा

लेझर हातात आलं की नव्या डेंटिस्टना त्यासोबतच्या फवाऱ्याचं पाणी कमी करायची भारी घाई. तोंडात साचतं, नीट दिसत नाही, पेशंट सारखा थुंकायला उठतो, म्हणून स्प्रे बारीक. अहो, एर्बियम लेझरचं सगळं काम पाण्याच्याच जिवावर! त्याची २९४० नॅनोमीटरची लहर पाण्यात शोषली जाते, इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरातलं, जरासं पाणी क्षणात वाफ होऊन फुटतं आणि कण उडतात. फवारा दात थंड ठेवतो. तो आटला की दात भाजतो.

गेल्या मे महिन्यात माझ्याच क्लिनिकमध्ये हे झालं. दाढेवर काम करणाऱ्या ज्युनिअरकडून नेहमीचा टकटक आवाज येईना, जळक्या केसांसारखा वास आला. पेशंटने खुर्ची घट्ट धरलेली. इनॅमलवर तपकिरी डाग. बाटलीत बोअरचं पाणी होतं. मदतनीस म्हणाली, "मॅडम, साफच तर आहे ना!" क्षारांनी फवाऱ्याचं तोंड अर्धं बुजलं होतं. पुढचे तीन महिने तो दात मी पुन्हा पुन्हा तपासला. सुदैवाने जगला.

१९६५ मध्ये झॅक आणि कोहेन या संशोधकांनी माकडांवर प्रयोग केले. पल्पचं, म्हणजे दाताच्या आतल्या जिवंत गाभ्याचं, तापमान ५.५ अंश सेल्सिअसने वाढलं, तेव्हा सुमारे १५ टक्के दात सावरले नाहीत. इथे तर खर्रा चघळून झिजलेल्या दाढा रोज येतात, त्यांत पल्पवर आवरणच कमी.

मी डिस्टिल्ड पाणीच भरते. प्रत्येक पेशंटआधी लेझर बंद ठेवून फवारा आरशावर मारते. काच सगळीकडे सारखी ओली झाली तरच पुढे.

दुसरी चूक, एचिंग गाळणं, म्हणजे फिलिंग घट्ट बसावं म्हणून इनॅमलवर ॲसिड न लावणं. "लेझरने पृष्ठभाग खडबडीत झालाच की!" झाला, पण त्यात सूक्ष्म भेगाही पडतात. मी ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड लावतेच. अर्धा मिनिट वाचवायला जाऊन महिन्याभरात निघालेली फिलिंग्ज मी पुन्हा भरली आहेत, आणि प्रत्येक वेळी पेशंटसमोर मान खाली घालावी लागली.

डायोड लेझर हिरड्यांसाठी आहे, त्याने इनॅमल कापायला जाऊ नका. चांदीच्या जुन्या फिलिंगवर लेझर नको, तिथे ड्रिलच. संरक्षक चष्मा वापरत असलेल्या लेझरच्या लहरीसाठीचाच हवा: तुम्हाला, पेशंटला, मदतनिसाला. आणि लेकराचा हात धरून आई खुर्चीशेजारी उभी असेल, तर तिलाही.