पानांचे रंग बघायला कधी निघावं

पानगळीच्या ऋतूत पिवळी-लाल होणारी पानं बघायला जायची तारीख मी आधी ठरवत नाही, आठवडाभराचं हवामान बघते. दिवस लहान होऊ लागले की पानातलं हरितद्रव्य ओसरतं आणि आत दडलेला पिवळा रंग दिसू लागतो. लाल मात्र नव्याने तयार होतो. त्यासाठी दिवसा लख्ख ऊन हवं, रात्री गार हव्यात, पण गोठवणाऱ्या नकोत. एखादं लाल मेपलचं पान हातात घेऊन नीट बघा: ज्या भागावर दुसऱ्या पानाची सावली होती, तेवढाच पिवळा राहिलेला असतो. किती सुंदर पुरावा! ढगाळ, उबदार हवेत लाल फिकाच राहतो. पाऊस कमी झाला असेल तर लवकर जा, पानं आधीच गळतात. आणि वादळी वाऱ्याचा अंदाज असेल तर आजच निघा.