मलाक्का एका दिवसात: निघण्यापूर्वीची तयारी

क्वालालंपूरला जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या कार्यक्रमात मलाक्का हे जुनं बंदराचं गाव बहुतेक वेळा 'एक दिवस जाऊन येऊ' एवढ्याच ओळीत उरकलेलं असतं. जाऊन येता येतं, पण आधी वार ठरवा. जोंकर स्ट्रीटवरचा रात्रीचा बाजार फक्त शुक्रवार, शनिवार आणि रविवारी भरतो. तो हवा असेल तर गर्दी सोसायची आणि अंधार पडेपर्यंत थांबायचं, मग एका दिवसात परतणं ओढाताणीचं होतं. माझं मत विचाराल तर बाजार सोडा आणि बुधवार-गुरुवारी जा. गावाचं खरं मोल जुन्या गल्ल्यांत आणि टेकडीवर आहे, आणि तिथे शांतपणे उभं राहता आलं पाहिजे. सोमवार-मंगळवारी काही संग्रहालयं आणि दुकानं बंद असतात, तेव्हा जे बघायचंच आहे त्याची सुट्टी आधी तपासून घ्या.

वार ठरला की बसचं तिकीट. मलाक्का शहरात रेल्वे नाही, त्यामुळे ट्रेनच्या शोधात वेळ घालवू नका. बस क्वालालंपूरच्या टीबीएस या मोठ्या स्थानकातून सुटतात. शहरातून तिथे लोकल ट्रेनने सहज पोचता येतं. तिकीट शोधताना गावाचं नाव मेलाका आणि उतरायचं ठिकाण मेलाका सेंट्रल असं दिसेल. प्रवास साधारण दोन तासांचा. तिकिटासाठी पासपोर्ट क्रमांक मागतात, म्हणून सगळ्यांच्या पासपोर्टचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. सकाळी आठच्या आसपासची बस धरा आणि परतीचं तिकीटही त्याच वेळी काढून टाका, विशेषतः शनिवार-रविवार किंवा तिथल्या शाळांच्या सुट्ट्या असतील तर. बसमध्ये एसी इतका जोरात असतो की बाहेर घाम आणि आत कुडकुडणं. एखादी शाल हाताशी असू द्या. मेलाका सेंट्रलहून जुनं गाव काही किलोमीटर दूर आहे. ग्रॅब या टॅक्सीसेवेचं अ‍ॅप आधीच टाकून, कार्ड जोडून ठेवलंत तर उतरल्यावर घासाघीस करावी लागत नाही.

सिंगापुरात राहणाऱ्यांना एक सांगणं: तुमच्या बाजूने अंतर फार वाटत नाही, पण सीमेवरच्या रांगेचा भरवसा नसतो. शनिवार-रविवारी तर मुळीच नसतो. तुम्ही एक रात्र मुक्काम करा, आणि मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड निघण्यापूर्वीच्या तीन दिवसांत भरून ठेवा.

पिशवीत छत्री हवीच, ऊन आणि पाऊस दोन्हींसाठी. पारा वर्षभर तिशीच्या पुढे, दमटपणा आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखा, आणि दुपारी केव्हाही धो धो सर येते. सुती कपडे, पाण्याची बाटली, आणि चटकन काढता-घालता येतील अशा चपला घ्या. चपलांचं महत्त्व तोकोंग गल्लीच्या परिसरात कळतं. तिथे काही मिनिटांच्या अंतरात चेंग हून तेंग हे जुनं चिनी देऊळ, चिनी पॅगोड्यासारखा मिनार असलेली काम्पुंग क्लिंग मशीद आणि १७८१ साली उभारलेलं पोय्याता विनायगर मंदिर आहे. म्हणजे परदेशातला एक जुना गणपती वाटेतच भेटतो. या देवळाची जागा डच राजवटीत तिथल्या चिट्टी समाजाला, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या तमिळ व्यापाऱ्यांच्या वंशजांना, मिळाली होती. गुडघे आणि खांदे झाकतील असे कपडे असले की तिन्ही ठिकाणी अडचण येत नाही.

खरी तयारी मात्र अर्धा तास वाचण्याची. ते न करता गेलात तर लाल इमारतींसमोर फोटो निघतील आणि बाकी सगळं निव्वळ दगड वाटेल. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. मसाल्याच्या व्यापाराची ती नाडी होती. त्याने बांधलेल्या किल्ल्याचा आज एक दरवाजा तेवढा उरलाय, कारण १८०७ च्या सुमारास इंग्रजांनी बाकीचा पाडला. लुटीचा माल भरून परत निघालेलं अल्बुकर्कचं 'फ्लोर दे ला मार' जहाज सुमात्राजवळ बुडालं. त्याची मोठी प्रतिकृती म्हणजेच नदीकाठचं सागरी संग्रहालय. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियर आधी इथल्या टेकडीवरच्या सेंट पॉल चर्चमध्ये काही महिने पुरलेले होते. ती रिकामी जागा अजून दाखवतात. चर्चला छप्पर नाही, भिंतींना टेकवलेल्या डच थडग्यांच्या शिळा आहेत आणि बाहेर झेवियर यांचा उजवा हात तुटलेला पुतळा. टेकडी सकाळीच चढा. बाराच्या उन्हात पायऱ्यांवर लहान मुलं आणि आजी-आजोबा दोघंही रुसतात.

पैसे सुट्या नोटांत ठेवा. छोट्या दुकानांत आणि फुलांनी मढवलेल्या, मोठ्याने गाणी लावणाऱ्या सायकलरिक्षांना रोखच लागते. रिक्षात बसण्याआधी भाडं आणि वेळ दोन्ही पक्की करा. मोबाइल चार्जरसाठी इंग्लंडच्या पद्धतीचा जाड तीन पिनांचा अडॅप्टर लागेल.

शाकाहारी असाल तर जेवणाचा विचार निघण्यापूर्वी करा. न्योन्या, म्हणजे चिनी-मलय मिश्र, स्वयंपाक चवदार, पण त्यातल्या पुष्कळ पदार्थांत बलाचान असतं, म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी आंबवून केलेला गोळा. नुसतं 'मांस नको' म्हणून तो टळत नाही. मासे, कोळंबी, बलाचान ही तिन्ही नावं घेऊन नको म्हणायचं. केळीच्या पानावर वाढणारी दाक्षिणात्य हॉटेलं हा सोपा मार्ग. मासे खाणाऱ्यांनी मात्र लाक्सा (तिखट रश्शातल्या शेवया) आणि आसाम पेडास (माशाचं आंबट-तिखट कालवण) सोडू नये. चेंडोल सगळ्यांना चालतं: किसलेला बर्फ, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि वर माडाच्या गुळाचा पाक. गूळ कांडीच्या आकारात विकत मिळतो. घ्यायचाच तर दोन थरांच्या पिशवीत बांधा, दमट हवेत पाझरतो.

दुपारची कडक वेळ एखाद्या संग्रहालयात काढा. नदीतली बोटफेरी पाऊण तासाची असते आणि दिवे लागल्यावर जास्त छान वाटते, पण त्यासाठी परतीची बस बरीच उशिराची हवी. तेवढी उशिराची नको असेल तर पाचच्या सुमाराची बोट घ्या आणि बसच्या वेळेआधी तासभर मेलाका सेंट्रलकडे निघा. संध्याकाळी डच चौकातले रस्ते तुंबतात आणि गाडी मिळायलाही वेळ लागतो. रात्रीचं जेवण बांधून घेतलंत तर टीबीएसला उतरल्यावर भुकेल्या पोटी धावपळ करावी लागणार नाही.