गॅल४ला दोष देण्याआधी: यीस्टच्या प्रयोगात या चुका टाळा

‘गॅलॅक्टोज घातलं तरी रिपोर्टर (जनुक चालू आहे का ते दाखवणारं जोडजनुक) चालू होत नाही, गॅल४ बिघडलंय का?’ गॅल४, म्हणजे गॅलॅक्टोज वापरणारी जनुकं चालू करणारं यीस्टचं प्रथिन, सहसा ठणठणीत असतं. घोळ असतो फ्लास्कमधल्या साखरेचा.

गॅल१ हे त्यातलंच एक जनुक. त्याच्या आधी, प्रमोटरमध्ये (जनुक चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या भागात), १७ बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) जागा असतात: एका टोकाला सीजीजी, दुसऱ्याला सीसीजी, मध्ये कुठलेही ११ बेस. गॅल४ची जोडी तिथे बसते. गॅल८० हे दुसरं प्रथिन तिचा काम करणारा भाग झाकून ठेवतं. गॅलॅक्टोज आलं की गॅल३ हे तिसरं प्रथिन त्या गॅल८०ला धरून ठेवतं आणि गॅल४ मोकळं होतं. पण ग्लुकोज असेल तर मिग१ हे जनुकं दाबणारं प्रथिन प्रमोटरवर ठाण मांडून बसतं, वर गॅल४चं उत्पादनही घटवतं. मग गॅलॅक्टोज कितीही ओता.

आता नेहमीचा घोटाळा पाहा. २ टक्के ग्लुकोजमध्ये कल्चर ०.८ ओडीपर्यंत (ओडी म्हणजे द्रव किती गढूळ किंवा गडद आहे त्याचं माप) वाढवलं. त्यातलं बरंचसं ग्लुकोज अजून तसंच आहे. घाई आहे म्हणून त्यातलं ५ मिली थेट ४५ मिली गॅलॅक्टोज माध्यमात टाकलं. झालं! नव्या फ्लास्कमध्ये ०.२ टक्क्याच्या आसपास ग्लुकोज आलं, आणि मिग१ला तेवढं पुरतं. दोन तासांनी मोजलं तर आकडा शून्याजवळ. मग प्लाझ्मिड (रिपोर्टर वाहून नेणारं डीएनएचं कडं) पुन्हा बनवायचं, सिक्वेन्सिंगला पाठवायचं, आठवडा घालवायचा. पेशी दोनदा धुतल्या असत्या तर एवढं झालं नसतं. अर्थात धुऊनही ग्लुकोजमधून थेट गॅलॅक्टोजवर नेलेल्या पेशी काही तास रेंगाळतातच.

म्हणून रॅफिनोज ही साखर वापरा. ती गॅल जनुकं दाबतही नाही, चालूही करत नाही. ग्लुकोजमधल्या पेशी सेंट्रिफ्यूज करून निर्जंतुक पाण्याने दोनदा धुवा, २ टक्के रॅफिनोजमध्ये पातळ करून ३० अंशांवर रात्रभर वाढवा. सकाळी ओडी ०.६ ते ०.८ असताना नऊ भाग कल्चरमध्ये एक भाग २० टक्के गॅलॅक्टोज घाला. धुणं नको, माध्यम बदलणं नको. अर्धं कल्चर बिनगॅलॅक्टोजचं ठेवा. तुलनेसाठीचा हा कंट्रोल वगळणाऱ्यांचे आकडे पाहण्यातही अर्थ नाही. साखरेचे साठे ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, ऑटोक्लेव्ह करू नका. गॅलॅक्टोजच्या डब्यावर ग्लुकोजची अशुद्धी किती लिहिली आहे तेही वाचा.

स्ट्रेनची वंशावळ तपासा. प्रयोगशाळेतल्या मूळ एस२८८सी या स्ट्रेनमध्ये गॅल२, म्हणजे गॅलॅक्टोज आत घेणारं प्रथिन, निकामी आहे. टू-हायब्रिडच्या (दोन प्रथिनं एकमेकांना चिकटतात का ते पाहणाऱ्या चाचणीच्या) स्ट्रेनमध्ये तर गॅल४ आणि गॅल८० मुद्दाम काढलेली असतात. तिथे गॅल८०चा अभ्यास करायला बसू नका.

बीटा-गॅलॅक्टोसिडेज, म्हणजे लॅकझेड या रिपोर्टर जनुकापासून बनणारं आणि चाचणीत पिवळा रंग देणारं एन्झाइम, त्याच्या मापनात दुसरा मोठा गोंधळ होतो. सूत्र सोपं आहे: १००० गुणिले ओडी ४२० (पिवळा रंग), भागिले (मिनिटं गुणिले मिलीमधलं आकारमान गुणिले ओडी ६००, म्हणजे पेशींची दाटी). आकारमान म्हणजे प्रत्यक्ष किती मूळ कल्चरच्या पेशी नळीत गेल्या. १ मिली कल्चरची पेलेट १०० मायक्रोलीटरमध्ये घेतली आणि ती सगळी वापरली, तर आकारमान १ मिली, ०.१ नव्हे. इथे दहापटींची चूक सहज होते, आणि आकडा छान मोठा दिसल्यामुळे कोणी शंकाही घेत नाही. पिवळा रंग ओडी ०.०२ ते १ मध्येच असावा. गॅल१ प्रमोटर जोरदार असतो, त्यामुळे नळी लवकर गडद होते. तसं झालं तर पेशी कमी घ्या, ‘वाचन कमाल’ असं वहीत लिहून मोकळं होऊ नका. अभिक्रिया थांबवणारं सोडियम कार्बोनेट घातल्याची वेळ प्रत्येक नळीची वेगळी नोंदवा.

बाकीच्या थोडक्यात. गॅल४ मल्टिकॉपी (पेशीत अनेक प्रती असणाऱ्या) प्लाझ्मिडवर ठेवलंत तर गॅल८० अपुरं पडतं आणि गॅलॅक्टोजशिवायच जनुक चालू होतं. सिंगल कॉपी वापरा. रॅफिनोजमध्येही गॅल४ डीएनएवर बसलेलं सापडतं, म्हणून चिपमध्ये (प्रथिन डीएनएवर कुठे बसलंय ते शोधणाऱ्या चाचणीत) ते दिसलं की जनुक चालू असं समजू नका. गॅल४च्या सी-टोकाला (प्रथिनाच्या शेवटच्या टोकाला) टॅग, म्हणजे ओळखखूण, जपून लावा, गॅल८० तिथेच पकडतं. क्यूपीसीआरमध्ये (आरएनएचं प्रमाण मोजताना) तुलनेसाठी अ‍ॅक्ट१ या एकट्या जनुकावर विसंबू नका, साखर बदलली की तेही हलतं.

जनुक बंद कधी झालं हे पाहायचं असेल तर लॅकझेडला विचारूच नका. त्याचं प्रथिन टिकाऊ असतं, ग्लुकोज घातल्यावरही बराच वेळ पिवळं देत राहतं. आरएनए काढा, दर पाच मिनिटांनी.