निदान आणि कलमाच्या मधलं पान

येरवड्याच्या मनोरुग्णालयात तुरुंगातून पोलीस एस्कॉर्टबरोबर आलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर दोनच गोष्टी ठळक दिसतात: निदान आणि कलम. स्किझोफ्रेनिया, भारतीय न्याय संहिता, १०९ (खुनाचा प्रयत्न). पण या माणसानं त्या दिवशी, त्याच शेजाऱ्यावर हात का उचलला? ते सांगणारं पान म्हणजे फॉर्म्युलेशन. आमच्याकडे शिकायला आलेल्या नव्या मुलांना ते लिहायला कसं शिकवते, ते इथे देते.

भेटण्याआधी एफआयआर, चार्जशीट आणि जुने केसपेपर वाचा. मुलाकतीला येणाऱ्या नातेवाइकांशी बोला. कागद एक सांगतो आणि माणूस दुसरंच, असं झालं तर दोन्ही लिहून ठेवा. घाईनं एकाला खोटं ठरवू नका. रुग्णासमोर बसल्याबरोबर पहिलं वाक्य हे: "तुम्ही सांगाल त्यातलं काही कोर्टापर्यंत जाऊ शकतं." कच्च्या कैद्याला हे आधी कळायलाच हवं.

मग 'पाच पी', म्हणजे इंग्रजीत 'पी'नं सुरू होणारे पाच रकाने: आत्ताची अडचण, पूर्वपीठिका, ठिणगी, टिकवून धरणाऱ्या गोष्टी, सावरणाऱ्या गोष्टी. रकाने कुणीही भरतं. खरं काम ते जोडण्याचं.

समजा, हडपसरचा एक रिक्षावाला. गोळ्यांनी स्टिअरिंगवर पेंग येते, म्हणून त्यानं त्या सोडल्या. गणपतीत दहा रात्री धड झोप नाही, म्हणून जुना संशय उसळला. टँकरच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी भांडण होतंच, आणि ते भांडण खरं होतं, म्हणून 'टाकीत विष कालवलं' हा भ्रम नेमका त्याच्यावर जाऊन बसला. बायको माहेरी, थांबवणारं घरात कुणी नाही. मी मुलांना हे मोठ्यानं वाचायला लावते. 'म्हणून' जिथे अडखळतो, तिथे माहिती कमी आहे किंवा आपण अंदाज ठोकलाय. अंदाज असेल तर 'बहुधा' लिहा.

'आक्रमक स्वभाव' असं लिहिलेलं मी खोडते. त्यातून काहीच कळत नाही. गोळ्या, झोप, पाणी यांतून मात्र कामं निघतात: पेंग कमी आणणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलणं, घरी सोडण्याआधी टाकीचा प्रश्न विचारणं. सिस्टरांसाठी वेगळ्या दोन ओळी: दोन रात्री झोप नसेल किंवा पाणी हुंगून ठेवून देत असेल, तर लगेच कळवा.

कोर्टाचे प्रश्न यात कालवू नका. कृत्याच्या वेळी त्याला समज होती का, हा न्याय संहितेच्या कलम २२ चा प्रश्न. आज तो खटल्याला सामोरा जाऊ शकतो का, हा वेगळाच. फॉर्म्युलेशन दोन्हींचं उत्तर नव्हे, आणि कबुलीजबाब तर नव्हेच.

शेवटी पान त्याला वाचून दाखवा. "पाण्याचं बरोबर, पण बायको भांडून गेली नव्हती, बाळंतपणाला गेली होती," असं तो म्हणाला, तर ते दुरुस्त करा. बायको भांडून गेलेली नाही, म्हणजे सावरणाऱ्या गोष्टींच्या रकान्यात भर पडली. पानावर तारीख घाला; औषध बदललं, जामीन झाला किंवा घरातून कुणी यायचं थांबलं, की नव्यानं लिहा.