बडोद्यात घर बांधताय? एलेव्हेशन शेवटी बघा

नवं घर बांधायचं ठरलं की आधी मोबाइलवर एलेव्हेशनचे, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूचे, फोटो गोळा होतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी जोतं (ज्यावर घर उभं राहतं तो चौथरा) आणि पश्चिमेची भिंत ठरवा.

जोत्याची उंची नुसती रस्त्यावरून धरू नका. ऑगस्ट 2024 च्या पुरात पाणी तुमच्या गल्लीत कुठवर चढलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारा. कंपाउंडच्या भिंतीवर डाग राहिला असेल तर सरळ टेप लावा. जोतं त्याच्या फूटभर तरी वर हवं, कारण दर डांबरीकरणाला रस्ताही वर येतो. मीटर, इन्व्हर्टर, मोटरचा स्विच त्याहूनही वर.

मग ऊन. मे महिन्यात दुपारभर तापलेली पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहते. तिकडे जिना, बाथरूम, कोठीची खोली घ्या. झोपायची खोली शक्यतो नको, आणि मोठ्या काचा तर मुळीच नकोत. दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा उन्हाळ्यात पुरतो, तेव्हा दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं, छज्ज्याखालून थेट आत शिरतं.

नकाशा पक्का करण्याआधी प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने खोल्या खऱ्या मापाने आखा. 6 बाय 6.5 फुटांचा पलंग मांडल्यावर कपाटाचं दार उघडतं का, बघा. रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला ओट्याच्या जागी उभं करा आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे रेघ हलवा.